खिशातली किसणी

अठराव्या शतकाच्या सुरुवातीला पॅरिसमधल्या शौकिनाच्या खिशात तपकिरीच्या डबीसोबत एक किसणीही असे. हस्तिदंताची किंवा लाकडाची, वरून कोरीव नक्षी आणि आत भोकं पाडलेला लोखंडी पत्रा. तंबाखू विकत मिळे ती सुतळीने करकचून आवळलेल्या, गाजरासारख्या निमुळत्या कांडीत. लहर आली की कांडी चार वेळा घासायची, पडलेली पूड हाताच्या पाठीवर घ्यायची आणि नाकाला लावायची. फ्रान्समधल्या तंबाखूच्या दुकानांवर आजही लाल पाटी झळकते, ती या कांडीचीच आठवण.

एवढ्या खटाटोपाला कारण होतं. आवळलेल्या कांडीत हवा फारशी शिरत नाही. पूड केली की कणाकणाला हवा लागते, ओलावा निघून जातो आणि वासाची उडनशील तेलंही त्याच्यासोबत जातात. कोरडी तपकीर नाकात झोंबते, घशात उतरते. उलट ओल जास्त झाली तर बुरशी धरते.

पुढे दळलेली तपकीर दुकानांतून सर्रास मिळू लागली आणि किसणी मागे पडली. लंडनच्या हेमार्केट भागात 1720 साली सुरू झालेलं फ्रिबर्ग अँड ट्रेयर हे दुकान थेट 1981 पर्यंत चाललं. किसणी गेल्यावर ताजेपणाची सगळी भिस्त वेष्टनावर आली, आणि तिथेच घात झाला. हवा लागू नये म्हणून एकोणिसाव्या शतकात तपकीर शिशाच्या पातळ पत्र्यात गुंडाळत. ओलसर पुडीत ते शिसं उतरे. तपकीर ओढणाऱ्यांना शिशाची विषबाधा झाल्याच्या नोंदी त्या काळच्या डॉक्टरांनी करून ठेवल्या आहेत. वास टिकवण्याच्या हौसेची ही किंमत फार मोठी होती.

सुकलेली तपकीर पुन्हा ताजी होते का? गुलाबपाण्याचा किंवा संत्र्याच्या फुलांच्या अर्काचा हलका हबका मारायचा, डबी घट्ट लावून ओल सगळीकडे मुरू द्यायची, हा जुना उपाय. त्याने पूड मऊ होते, झोंबणं कमी होतं. पण उडून गेलेला तंबाखूचा मूळ वास परत येत नाही. येतो तो गुलाबाचा.

महाराष्ट्रातल्या मिसरीची अडचण नेमकी उलटी. तंबाखू तव्यावर काळी होईस्तोवर भाजायची, कुटून डबीत भरायची आणि दातांना लावायची. पावसाळ्यात ती सादळते. पुन्हा तव्यावर परतली की ओल जाते, एवढंच.

निकोटिन मात्र वासासारखं सहज उडून जात नाही, आणि तंबाखूचा धोकाही जात नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने 2007 साली प्रसिद्ध केलेल्या अहवालात धूरविरहित तंबाखूमुळे माणसाला कर्करोग होतो, असं निखालस म्हटलं आहे. त्या अहवालात तपकीर आहे, मिसरीही आहे.