नळीच्या मापातला इतिहास

गोंदिया जिल्ह्यातल्या जुन्या मालगुजारी वाड्यांत बंदुकीची चौकशी केली, की बहुधा दोनच उत्तरे मिळतात. ‘भरमार होती’, नाहीतर ‘आजोबांची तीनशे पंधरा होती’. भरमार म्हणजे तोंडाकडून दारू ठासायची बंदूक. तिचे नवल नाही. पण लष्करात आणि पोलिसांत सर्वत्र थ्री-नॉट-थ्री असताना मालगुजाराच्या घरी तीनशे पंधराच का, हा प्रश्न मात्र विचारण्यासारखा आहे.

त्याचे उत्तर १८५७ पासून सुरू होते. नळीच्या आत पीळदार खाचा असल्या, की गोळी स्वतःभोवती फिरत सरळ आणि लांब जाते. अशी बंदूक ती रायफल. १८५३ च्या नमुन्याची एनफिल्ड अशीच होती आणि तिच्याच काडतुसांवरून भडका उडाला. उठाव मोडल्यावर हिंदी शिपायांना बाहेरून एनफिल्डसारख्याच, पण आतून गुळगुळीत नळीच्या बंदुका देण्यात आल्या. त्यांचा नेम फार लांबवर लागत नसे. पुढे गोऱ्या पलटणींकडे मार्टिनी-हेन्री आली तेव्हा हिंदी पलटणींकडे स्नायडर होती. गोऱ्यांना ली-मेटफर्ड मिळाली तेव्हा मार्टिनी यांच्याकडे उतरली. एक पायरी मागे ठेवायचे, हे धोरण ठरून गेले होते.

रयतेसाठी १८७८ चा शस्त्र कायदा आला. नागपूरचे राज्य १८५४ मध्येच खालसा झाले होते. त्यामुळे तेव्हाच्या भंडारा जिल्ह्यातल्या, म्हणजे आजच्या गोंदियातल्याही, जमीनदार-मालगुजारांना बंदुकीसाठी साहेबाच्या परवान्याकडे पाहावे लागले.

१८८८ मध्ये ली-मेटफर्डबरोबर .३०३ इंची काडतूस आले. १८९५ मध्ये ली-एनफिल्ड आली. हिचा आखूड नमुना बंगालमधल्या ईशापूरच्या कारखान्यातही बनू लागला. दहा काडतुसांची पेटी आणि झटपट मागेपुढे होणारा बोल्ट यांमुळे ती दोन्ही महायुद्धांत टिकली. सरकारला धास्ती होती ती काडतुसांची. छावणीतून चोरलेली काडतुसे खासगी रायफलीत चालली तर? म्हणून हिंदुस्थानात .३०३ सामान्य परवान्याबाहेर ठेवली गेली. बी.एस.ए.सारख्या इंग्रज कारखानदारांनी मग त्याच ली पद्धतीची शिकारी रायफल .३१५ बोअरमध्ये, म्हणजे आठ मिलिमीटरमध्ये विकली. तिचे काडतूस मुळात ऑस्ट्रियाच्या लष्कराचे. सरकारी काडतूस तिच्यात बसत नव्हते. वाड्यातल्या तीनशे पंधराचा जन्म असा अविश्वासातून झाला.

पोलिसांच्या शस्त्रांतही हाच हिशेब दिसतो. ईशापूरला कित्येक ली-एनफिल्डची नळी खाचा काढून .४१० इतकी रुंद करण्यात आली. एका वेळी एकच काडतूस भरता येईल, अशी ती पोलिसी मस्केट. शिपायाच्या हातून ती हिसकावली गेली, तरी हिसकावणाऱ्याच्या हाती रायफल पडू नये.

स्वातंत्र्यानंतर ईशापूरच्या रायफलीवरच्या मुकुटाच्या जागी अशोकस्तंभाचे सिंह आले, पण बोअरची भिंत तशीच राहिली. तीनशे पंधरा आता सरकारी कारखान्यातच तयार होऊ लागली. १९५१ मध्ये मालगुजारी गेली. १९७० मध्ये नागझिरा अभयारण्य झाले, १९७२ मध्ये वन्यजीव संरक्षण कायदा आला आणि शिकार संपली. रायफल भिंतीवर गेली. थ्री-नॉट-थ्री मात्र पोलिसांकडे राहिली. २६ नोव्हेंबर २००८ रोजी मुंबईच्या छत्रपती शिवाजी टर्मिनसवरही काही पोलिसांच्या हाती तीच होती.

अशा रायफली जमवणाऱ्याला आपल्याकडे फारशी जागा नाही. २०१९ च्या दुरुस्तीनंतर एका परवानाधारकाला दोनच बंदुका ठेवता येतात. १९५९ च्या शस्त्र कायद्यातून पुराणवस्तू सुटते खरी, पण ती दुरुस्त करूनही चालणार नाही अशी असेल तरच. धारक वारला, की वारसाने परवाना मिळवायचा, नाहीतर बंदूक ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करायची. मुदतीत सोडवली नाही तर ती सरकारजमा होते. नागपूरच्या अजब बंगल्यात शस्त्रांचे दालन आहे, पण प्रत्येक वाड्यातली बंदूक तिथवर पोचणार नाही.

लोखंड गेले तरी त्यावरची अक्षरे वाचवता येतात. ली-एनफिल्डच्या दस्त्याजवळच्या पोलादी कड्यावर कारखाना, साल आणि नमुना कोरलेला असतो. ‘जी.आर.आय.’ म्हणजे राजा-सम्राट जॉर्ज, ‘आर.एफ.आय.’ म्हणजे रायफल फॅक्टरी ईशापूर. परवान्याच्या जुन्या वहीत बोअर, क्रमांक, काडतुसांची मर्यादा आणि नूतनीकरणाच्या तारखा असतात. कोणाला कधी बंदूक मिळाली आणि कधी गेली, हे गावच्या सत्तेचे टिपणच आहे. बंदूक जमा करायला निघण्यापूर्वी तिच्यावरचे शिक्के कोणी उतरवून घेतले, वहीची एक प्रत काढून ठेवली, तरी गोंदियाच्या इतिहासाचे एक पान हाती राहील. त्याला कोणताही परवाना लागत नाही.