मोबाईलवरचा सातबारा जुन्या उताऱ्याशी जुळतोय का? कुठे चूक असू शकते आणि दुरुस्ती कशी होते

सातबाऱ्यासाठी तलाठ्याला गाठायचं म्हणजे पूर्वी अख्खा दिवस जायचा. आता 15 रुपये भरले की डिजिटल सही असलेला उतारा मोबाईलवर येतो. राज्यात ही सोय 1 मे 2018 पासून सुरू झाली. महाभूलेखवर फुकट दिसणारा उतारा फक्त माहितीसाठी असतो. बँकेत किंवा कोर्टात सहीवालाच चालतो.

पण आपल्यापैकी बहुतेक जण तो डाउनलोड करतात, पुढे पाठवतात, वाचत मात्र नाहीत.

खंडाळा तालुक्यात (लोणावळ्याजवळचं खंडाळा नव्हे; साताऱ्यातलं, शिरवळ-लोणंदचं) हे न वाचणं महागात पडू शकतं. पुणे-बंगळुरू महामार्ग, शिरवळ-केसुर्डीची एमआयडीसी, धोम-बलकवडीचा कालवा यांमुळे इथे जमिनीचे व्यवहार आणि भूसंपादन नेहमीचं आहे. मोबदल्याची नोटीस निघते ती सातबाऱ्यावरच्या नावाने आणि क्षेत्राने.

कागदाचं कॉम्प्युटरवर नेमकं काय झालं?

अनेकांना वाटतं, जुना सातबारा स्कॅन करून ठेवलाय. तसं नाही. हस्तलिखित उताऱ्यावरची माहिती टाइप केली गेली. टाइप करताना झालेली चूकही मग अधिकृत नोंद बनली.

ही चूक कशी असते? नावातला काना-मात्रा गेला, तर एकवेळ ओळखता येतं. क्षेत्राचं तसं नाही. सातबाऱ्यावर क्षेत्र हेक्टर-आरमध्ये असतं आणि एक आर म्हणजे साधारण एक गुंठा. 0.40 चं 0.04 झालं की एका एकराचे कागदावर चार गुंठे उरतात. पोटखराब चुकतं, एखाद्या सहहिस्सेदाराचं, बऱ्याचदा बहिणीचं, नाव गळतं. फेडलेल्या कर्जाचा बोजा 'इतर अधिकार' रकान्यात तसाच राहतो.

सगळा दोष कॉम्प्युटरचाही नाही. हस्तलिखित सातबारा दर 10 वर्षांनी नव्याने लिहिला जायचा, त्यामुळे काही चुका तेव्हापासूनच्या आहेत. आणि कागदच बरा होता म्हणणाऱ्यांनी 21 जून 2012 आठवावा. त्या दिवशी मंत्रालयाला लागलेल्या आगीत माणसं गेली आणि फाइल्सही जळाल्या.

टाइप केलेले उतारे तपासायला 2017 मध्ये गावोगावी चावडी वाचन झालं. उतारे गावासमोर वाचून दाखवायचे, हरकत असेल त्याने सांगायची. कल्पना चांगलीच होती. पण ज्यांचं घर पुण्या-मुंबईत, त्यांच्यातले किती जण चावडीवर आले असतील?

मग तपासायचं कसं?

सातबाऱ्यावर नावाजवळ कंसात आकडा असतो. तो फेरफार क्रमांक, म्हणजे ते नाव कशामुळे लागलं (वारसाने, खरेदीने की वाटणीने) त्याची नोंद. तहसील कार्यालयाच्या अभिलेख कक्षात अर्ज करून त्या फेरफाराची आणि जुन्या हस्तलिखित सातबाऱ्याची नक्कल मागा. दोन्ही कागद शेजारी ठेवून नाव, क्षेत्र आणि इतर अधिकार मिळवून पाहा. सोबत 8अ घ्या, म्हणजे खात्यावरचे सगळे गट दिसतील. एखादा गट गायब असेल तर तिथेच कळतं.

फरक फक्त लिहिण्यातला असेल, तर महाराष्ट्र जमीन महसूल संहिता 1966 च्या कलम 155 खाली तहसीलदारांकडे अर्ज करायचा. जुन्या उताऱ्याची नक्कल जोडायची आणि अर्जाची पोच घ्यायची, विसरायचं नाही. 155 मध्ये मालकीचा वाद मात्र मिटत नाही. फेरफारच चुकीचा मंजूर झाला असं तुमचं म्हणणं असेल तर कलम 247 खाली अपील करावं लागतं. खंडाळ्यासाठी ते वाईच्या प्रांताधिकाऱ्यांकडे. अपिलाला मुदत असते. मालकी कुणाची, हा वाद शेवटी दिवाणी कोर्टातच जातो.

जुना हस्तलिखित उतारा घरात ट्रंकेत पडला असेल तर टाकू नका. अभिलेख कक्षातली नक्कल मिळेपर्यंत ताडून बघायला तोच हाताशी असतो.