जमीन कोणी करावी?

दिल्लीच्या नैर्ऋत्येस असलेल्या गुडगावचे नाव २०१६ साली अधिकृतपणे गुरुग्राम झाले. पांडवांनी हे गाव आपले गुरू द्रोणाचार्य यांना दिले, अशी तिकडची लोकपरंपरा आहे. मराठी माणसाचाही या भूमीशी एक जुना, काहीसा विस्मृत संबंध आहे. ३० डिसेंबर १८०३ रोजी सुर्जी-अंजनगावच्या तहाने दौलतराव शिंद्यांनी उत्तरेतला जो मुलूख ईस्ट इंडिया कंपनीला सोडून दिला, त्यात हा प्रदेशही होता. इतिहास अशा जमिनीची नोंद ठेवतो. तहात लिहिलेली, नकाशावर रंगवलेली, तलवारीने घेतलेली आणि लेखणीने गमावलेली ती जमीन. पण मराठीत जमीन या शब्दाला आणखी एक घरगुती अर्थ आहे. घराच्या आत पायाखाली असते तीही जमीनच. आणि ती ‘करावी’ लागते. ही जमीन कोणी करावयाची, घरच्या माणसाने की कसबी कारागिराने, या प्रश्नाचा इतिहास तहांच्या इतिहासाहून जुना आहे.

आज हा प्रश्न गुरुग्राममध्ये नव्या रूपाने उभा आहे. १४ डिसेंबर १९८३ रोजी तेथील कारखान्यातून पहिली मारुती मोटार ग्राहकाच्या हाती गेली. पुढे वसाहती वाढल्या, घरोघर मोटारी आल्या आणि त्यांच्यासाठी खांबांवर उभ्या इमारतींखाली व तळघरांत मोटारखाने झाले. मोटारखान्याची सिमेंटची जमीन धूळ सोडते, तेल पिते आणि डागाळते. तिच्यावर इपॉक्सीचा चकचकीत थर द्यावा, अशी इच्छा घरधन्याला होते. मग दोन वाटा दिसतात. दुकानातून राळेचा व घट्टकाचा असे दोन डबे आणून सुटीच्या दिवशी स्वतः रोलर फिरवावा, किंवा हे काम करणाऱ्या व्यावसायिकाला बोलवावे.

निवड किरकोळ दिसते; पण तिच्यामागची परंपरा फार लांबची आहे. राजस्थानातील कालीबंगन येथे १९६० ते १९६९ या काळात भारतीय पुरातत्त्व खात्याने उत्खनन केले. तेथे चार हजारांहून अधिक वर्षांपूर्वीच्या एका घरात भाजलेल्या मातीच्या फरश्यांची जमीन सापडली. तिच्यावर एकमेकांना छेदणाऱ्या वर्तुळांची नक्षी आहे. ही नक्षी कोणा कसबी हाताची असावी, हे उघड आहे. पण तिचा बोलबाला झाला तो ती अपवाद होती म्हणून. सर्वसामान्य घरांची जमीन तेव्हाही साधी मातीची होती आणि पुढे शतकानुशतके तशीच राहिली.

महाराष्ट्रात मातीची जमीन कशी करीत, हे सांगणारी माणसे अजून आहेत. मुरूम आणि माती पसरावयाची, पाणी शिंपडावयाचे, धुम्मसाने ठोकावयाचे, मग चोपण्याने चोपून पृष्ठभाग एकजीव करावयाचा, आणि शेवटी शेणाने सारवावयाचे. पहिली ठोकाठोक पुरुषांची, पण सारवण बायकांचे. माती कितपत ओली असावी, शेणाचा काला किती पातळ करावा, हात कोणत्या बाजूने फिरवीत मागे सरकावे, हे मुलगी आईजवळ पाहून शिके. हरियाणातील खेड्यांतही शेणमातीचे लिंपण असेच घरच्या बायकांच्या हातचे.

या पद्धतीला ‘आपला हात जगन्नाथ’ म्हणावे, अशीच ती होती. परंतु ती चालली का, याचे कारण नीट पाहिले पाहिजे. प्रत्येक घरात जन्मजात कसब होते म्हणून नव्हे. सारवण चुकले तर चार-आठ दिवसांत पुन्हा सारवता येई. पोपडा उडाला तर मूठभर मातीने खड्डा बुजे. चूक स्वस्त होती, म्हणून स्वतः करणे परवडत होते.

चुन्याचा कोबा आला तेव्हा हे गणित पालटले. चुना घाणीत मळावयाचा, भिजत ठेवावयाचा, खडीबरोबर अंथरून दिवसेंदिवस ठोकावयाचा आणि घोटून गुळगुळीत करावयाचा, ही घरच्या माणसाच्या फुरसतीची कामे नव्हेत. येथे गवंडी आला. चांगला कोबा पिढ्यान्‌पिढ्या टिके. पण बिघडलेला कोबाही तितकाच चिवट ठरे आणि तो काढावयाचा म्हणजे पहारीने फोडावा लागे. जमीन जितकी टिकाऊ, तितकी तिच्यातली चूकही टिकाऊ. पुढच्या दोनशे वर्षांचा इतिहास हाच नियम वारंवार सांगतो.

१८२४ साली इंग्लंडमध्ये जोसेफ अ‍ॅस्पडिन याने पोर्टलंड सिमेंटचे पेटंट घेतले. भारतात पोरबंदरच्या कारखान्यात १९१४ साली सिमेंटचे उत्पादन सुरू झाले. मुंबईत तोवर श्रीमंती इमारतींसाठी विलायती फरश्या येत. १८७२ साली खुल्या झालेल्या आणि आज डॉ. भाऊ दाजी लाड यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या संग्रहालयात इंग्लंडच्या मिंटन कारखान्याच्या फरश्या आहेत. १९२२ साली सिधवा कुटुंबाने मुंबईत स्वदेशीच्या प्रेरणेने सिमेंटच्या रंगीत फरश्यांचा उद्योग काढला आणि परदेशी मालाला देशी उत्तर मिळाले. या साऱ्या वाटचालीत घरधनी जमीन ‘करणारा’ न राहता जमीन ‘निवडणारा’ झाला.

इपॉक्सीची कथा मात्र जमिनीपासून सुरू होत नाही; ती दातांपासून सुरू होते. १९०९ मध्ये रशियन रसायनज्ञ प्रिलेझाएव्ह याने इपॉक्साइड संयुगे तयार करण्याची अभिक्रिया शोधली. १९३४ साली जर्मनीत पॉल श्लाक याने या वर्गातील राळेसंबंधी पेटंट मागितले. त्यानंतर स्वित्झर्लंडचा पिएर कास्तां कृत्रिम दंतपंक्तीसाठी योग्य द्रव्य शोधीत होता. बसवताना आकसणार नाही आणि घट्ट चिकटेल अशी राळ त्याने १९३८ च्या सुमारास सिद्ध केली. दातांच्या धंद्यात तिचे फारसे जमले नाही. परंतु बाझेल येथील सिबा कंपनीने ते हक्क घेतले आणि १९४६ साली ‘अ‍ॅराल्डाइट’ हे नाव जगापुढे आले. त्याच काळात अमेरिकेत सिल्व्हन ग्रीनली याने लेपांसाठी अशाच राळा घडविल्या. धातू जोडणारे हे द्रव्य पुढे औषधांच्या, खाद्यपदार्थांच्या आणि यंत्रांच्या कारखान्यांत जमिनीवर उतरले, आणि तेथून मोटारखान्यात आले.

याच सुमारास पाश्चात्त्य देशांत घरकाम स्वतः करण्याची हौस मोठी झाली. २ ऑगस्ट १९५४ च्या अंकात ‘टाइम’ साप्ताहिकाने तिला मुखपृष्ठावर स्थान दिले. मजुरी महाग आणि सुटी मुबलक, अशा समाजाची ती गरज होती. भारतात स्वावलंबनाचे मोल निराळ्या मार्गाने रुजले होते. महात्मा गांधींनी आत्मकथेत सांगितलेला प्रसंग प्रसिद्ध आहे. प्रिटोरियातील इंग्रज न्हाव्याने त्यांचे केस कापण्याचे नाकारले, तेव्हा त्यांनी यंत्र विकत घेऊन आरशासमोर स्वतःच केस कापले. पुढचे केस बरे जमले, मागचे बिघडले, आणि कोर्टातील मित्रांची हसून पुरेवाट झाली. गांधींना त्याची लाज वाटली नाही, आणि वाटावयासही नको होती. केस पुन्हा वाढतात. पण या प्रसंगात एक व्यावहारिक धडाही आहे. आरशात दिसले ते साधले. जे दिसत नव्हते, तेथे हात चुकला.

इपॉक्सीच्या कामात न दिसणारा भागच मोठा असतो. राळ आणि घट्टक एकत्र आले की रासायनिक क्रिया सुरू होते आणि तिच्यातून उष्णता निघते. पंचवीस अंश तापमानात मिश्रण साधारण अर्धा-पाऊण तास वापरता येते. ढोबळमानाने दहा अंश तापमान वाढले की ही मुदत निम्म्यावर येते. गुरुग्राममध्ये मे-जूनच्या उन्हाळ्यात पारा पंचेचाळिसाच्या आसपास जातो. नवशिक्या माणसाचा अर्धा डबा तेथे बादलीतच दगड होतो. पौष-माघातील रात्री तापमान पाच अंशांपर्यंत उतरते, तेव्हा सामान्य इपॉक्सी नीट घट्टच होत नाही. दमट हवेत थंड जमिनीवर दव धरते व थर पांढुरका पडतो. लू आणि आंधी आपली धूळ त्यावर टाकतात, ती निराळीच.

पण खरे मर्म थराखाली आहे. सिमेंट-काँक्रीटच्या माथ्यावर कमकुवत, भुसभुशीत असा एक पापुद्रा असतो. त्यात तेल मुरलेले असते. तो हिरकणी बसवलेल्या चकतीच्या यंत्राने घासून काढल्याशिवाय राळ खऱ्या काँक्रीटला धरत नाही. तसे न करता रंग दिला, तर पहिल्या दिवशी आरसा दिसतो; पण तापलेले टायर उभे राहून निघाले की थराचे तुकडे त्यांना चिकटून जातात. ‘वरून कीर्तन, आतून तमाशा’ ही म्हण अशा जमिनीला चपखल लागू पडते.

जाडीचाही हिशेब करून पाहावा. दोन मोटारींची जागा छत्तीस चौरस मीटर धरली, तर दोन मिलिमीटर जाडीच्या सलग थरासाठी बहात्तर लिटर द्रव्य लागते. दुकानातील डब्यातून रोलरने दिलेला थर बहुधा मिलिमीटरच्या दहाव्या भागाइतका असतो. त्याला चार लिटरही पुष्कळ होतात. दोन्हींना बाजारात इपॉक्सीच म्हणतात, परंतु एक जमीन आहे आणि दुसरा रंग आहे. किमतीतील अंतराचे आश्चर्य वाटणाऱ्याने हा भेद आधी ध्यानात घ्यावा.

म्हणून कारागिराला बोलावले की काम झाले, असे मात्र नव्हे. घासण्याचे यंत्र न आणता केवळ आम्ल ओतून आणि झाडू मारून थर देणारेही स्वतःस व्यावसायिक म्हणवितात. जुना गवंडी गावातच राहत असे; बिघडलेल्या कोब्यावरून त्याचे नाव निघत असे आणि ती लाज हीच त्याची हमी होती. महानगरातील ठेकेदार उद्या दुसऱ्या उपनगरात असतो. तेव्हा जमीन कशाने घासणार, ओल कशी तपासणार, थर किती जाडीचा देणार, या तीन प्रश्नांची उत्तरे लेखी घेणे हेच जुन्या लाजेच्या जागी आलेले साधन होय.

आणखी एक जबाबदारी आहे. ती दोन्ही वाटांवर सारखीच. काँक्रीट घासताना उडणाऱ्या बारीक धुळीत सिलिका असते, आणि ती वर्षानुवर्षे श्वासावाटे गेली तर फुप्फुसांना सिलिकोसिस हा बरा न होणारा रोग जडतो. कच्ची इपॉक्सी आणि तिचे घट्टक उघड्या त्वचेला लागत राहिले, तर कायमची अ‍ॅलर्जी उद्भवू शकते. घरधनी हे काम आयुष्यात एकदा करील. मजूर रोज करतो. हातमोजे, योग्य मुखपट्टी आणि धूळ ओढणारे यंत्र यांचा खर्च कमी करून मिळालेली स्वस्ताई वस्तुतः दुसऱ्याच्या छातीतून वसूल केलेली असते. चकचकीत जमीन मागणाऱ्याने या खर्चात घासाघीस करू नये.

मग जमीन कोणी करावी? जागा लहान, काँक्रीट जुने, कोरडे व तेलविरहित असेल, हवा सौम्य असेल आणि दोन-तीन वर्षांनी पुन्हा हात फिरवण्याची तयारी असेल, तर घरच्या माणसाने अवश्य करावी. तो सारवणाचाच नवा अवतार आहे. तळघर, ओल, भेगा किंवा जड वाहतूक असेल, तर तो कोब्याचा प्रश्न आहे आणि तेथे कसबी हातच हवा.

हा निवाडा करण्यापूर्वीची परीक्षा तरी प्रत्येकाला स्वतः करता येते. अठरा इंच चौरस असा प्लॅस्टिकचा पारदर्शक कागद जमिनीवर चारही कडांनी चिकटपट्टीने घट्ट बसवावा आणि निदान सोळा तास तसाच ठेवावा. उचलल्यावर खाली पाण्याचे थेंब दिसले किंवा काँक्रीट काळवंडले, तर ओल अजून वर येत आहे, आणि तोवर कोणीही, घरधन्याने किंवा ठेकेदाराने, तेथे थर देऊ नये. पूर्वी सारवण्याआधी बाई जमिनीला तळहात लावून पाहत असे, ती याच ओलीसाठी.