तळटीप : बगरूचे छीपे आणि त्यांचा देव

२. 'बगरूचे छीपे कोणता देव मानतात' : जयपूर-अजमेर रस्त्यावरच्या बगरूत लोखंड आणि गूळ आंबवून काळा रंग करणारे, चिखलाच्या दाबूने, म्हणजे रंग अडवणाऱ्या लेपाने, कापड छापणारे छीपे संत नामदेवांना आपले मानतात, समाजाचे नावच 'नामदेव छीपा' असे सांगितले जाते. नामदेव संत, म्हणून लेखकाने येथे 'देव' हा शब्द जरा सैल वापरला आहे. मुळात देव म्हणजे काय, त्याला शरीर असते का, हा वाद आपल्याकडे फार जुना. मीमांसक शबरस्वामींनी ते साफ नाकारले : यज्ञात महत्त्व मंत्रातल्या नावाला, इंद्राला हात, तोंड, भूक असायची गरज नाही. शंकराचार्यांनी ब्रह्मसूत्रभाष्याच्या पहिल्या अध्यायात उलट बाजू घेतली. योगी जसा अनेक देह धारण करतो, तसा एकच देव एकाच वेळी अनेक यज्ञांना हजर राहू शकतो. नामदेवांचा मार्ग या दोन्हींपेक्षा निराळा. औंढा नागनाथाच्या देवळात त्यांचे गुरू विसोबा खेचर पिंडीवर पाय ठेवून निजल्याची कथा कोणी इतिहास म्हणून वाचू नये, पण मुद्दा रोखठोक आहे : पाय उचलून ठेवावा तिथे पिंडी. एवढे कळूनही नामदेवांनी पंढरीचा विठ्ठल काही सोडला नाही. म्हणून 'अनेक देव की एकच' असा पेच इथे गैरलागू ठरतो. गुरुग्रंथसाहिबात नामदेवांची ६१ पदे आहेत. त्यांत 'बीठल' हे नावही आहे आणि घटाघटांत भरलेला रामही.