धक्का सोसण्याची किंमत

जुन्या मोटारीचे पुढचे शॉकॲब्सॉर्बर बदलावयाचे झाले, म्हणजे सुट्या भागांची किंमत, मजुरी आणि चाकांची अलाइनमेंट यांची बेरीज पुष्कळदा मालकास विचारात पाडते. गाडीचे मोल वर्षानुवर्षे उतरत आलेले असते. सुटा भाग मात्र गाडीचे वय पाहून स्वस्त होत नाही. ही बेरीज इतकी का फुगते, याचे उत्तर गॅरेजमध्ये जितके आहे तितकेच मोटारीच्या इतिहासातही आहे.

वाहनातील धक्के सौम्य करण्यासाठी मनुष्याने पोलादी कमानीचा आश्रय घेतला. १८०४ साली इंग्लंडमध्ये ओबडाया इलियट याने घोडागाडीसाठी लंबवर्तुळाकार कमानींचे पेटंट घेतले. कमानीचे पाटे एकमेकांवर घासत आणि त्यामुळे हेलकावे काहीसे आपोआप आवरले जात. घोड्याच्या चालीला तेवढे पुरेसे होते. मोटारीचा वेग वाढला तेव्हा मात्र कमानीचा खरा स्वभाव उघड झाला. कमान धक्का नाहीसा करीत नाही. तो साठविते आणि परत करते. दबलेली कमान सुटली की चाक उसळते, आणि उसळलेले चाक रस्त्यास टेकलेले नसते तोवर ब्रेक आणि स्टिअरिंग दोन्ही त्याच्यापुरती निष्फळ ठरतात. म्हणूनच शॉकॲब्सॉर्बर, ज्याला आपल्याकडील मिस्त्री शॉकअप म्हणतात, हे नावच थोडेसे फसवे आहे. धक्का झेलते ती कमान. शॉकअपचे काम उसळी आवरण्याचे.

विसाव्या शतकाच्या प्रारंभी हे काम घर्षणावर चाले. फ्रान्समधील त्रूफो याची ही युक्ती अमेरिकेत एडवर्ड हार्टफर्ड याने बाजारात आणली. दोन दांड्यांच्या मध्ये घर्षणाच्या चकत्या, आणि त्या आवळणारा एक बोल्ट, एवढाच तो खटाटोप. सैल पडल्यास पान्याने बोल्ट आवळावा, की काम भागले. १९०८ च्या सुमारास मोरिस उदाय या फ्रेंच संशोधकाने घर्षणाऐवजी द्रव पदार्थ योजला. अरुंद वाटेने ढकलला जाणारा द्रव मंद हालचालीस फारसा अडवीत नाही, पण जोराच्या उसळीस निकराने विरोध करतो आणि तिची शक्ती उष्णतेत घालवितो. आजचे शॉकअप याच तत्त्वावर चालतात. फोर्डच्या ‘मॉडेल टी’ गाडीस कारखान्यातून शॉकअप मिळत नसत. १९२७ च्या अखेरीस आलेल्या ‘मॉडेल ए’ गाडीस मात्र उदायच्या पद्धतीचे शॉकअप बसविलेले होते. पुढे नळीच्या आकाराचे शॉकअप रूढ झाले. ते कमानीपासून वेगळे असत. वरचे आणि खालचे बोल्ट सोडले की बहुधा हातात येत.

या सोयीस कलाटणी दिली ती अर्ल मॅकफर्सन या अमेरिकन अभियंत्याने. दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस जनरल मोटर्सने स्वस्त व हलक्या ‘कॅडेट’ गाडीची योजना त्याच्याकडे सोपविली होती. गाडी स्वस्त करावयाची तर तिचे भाग कमी केले पाहिजेत, हा त्यातील विचार. मॅकफर्सनने स्प्रिंगला आधार देणे, उसळी आवरणे आणि चाकाला वळण्यासाठी खांब पुरविणे, ही तीन कामे एकाच उभ्या स्तंभाकडे दिली. हाच स्ट्रट. १९४७ मध्ये कॅडेटची योजना गुंडाळली गेली आणि मॅकफर्सन फोर्डमध्ये गेला. १९५० साली इंग्लंडमधील फोर्डने ‘कॉन्सल’ आणि ‘झेफिर’ या गाड्यांना हे स्ट्रट बसविले. आडवे इंजिन आणि पुढच्या चाकांना गती देणाऱ्या लहान गाड्या आल्या, तेव्हा थोडक्या जागेत बसणारा हा स्तंभ जगभर पसरला.

आपल्याकडेही हा बदल एका पिढीच्या डोळ्यांसमोर घडला. कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यातील फिअटला मागे पाट्यांच्या कमानी आणि निराळे शॉकअप असत. १९८३ च्या डिसेंबरात मारुती ८०० रस्त्यावर आली, ती पुढच्या बाजूस मॅकफर्सन स्ट्रट घेऊनच.

कारखान्याने भाग कमी करून जे वाचविले, त्यातील काही अंश मालकाला दुरुस्तीच्या वेळी भरावा लागतो. स्ट्रटमधील तेल गळू लागले, तर सारा स्तंभ उतरवावा लागतो. त्यावरील स्प्रिंग खास शिकंज्यात दाबून धरावी लागते. ती निसटली तर कारागिराच्या जिवावर बेतते. वरचे रबर आणि बेअरिंग झिजलेले असल्यास तेही त्याच वेळी बदलणे शहाणपणाचे. स्तंभ सुटला की चाकाचा कोन बिघडतो, म्हणून अलाइनमेंट आली. एका बाजूची पकड नवी आणि दुसरीची जुनी राहू नये, म्हणून दोन्ही बाजू एकदमच बदलाव्या लागतात.

यामुळे जुन्या गाडीचा मालक काम पुढे ढकलतो. पण उसळणारे चाक टायर जागोजागी खाते, जोडाच्या बुशांवर घाव घालते, आणि खडबडीत रस्त्यावर गाडी थांबण्यास अधिक अंतर घेते. म्हणजे वाचलेले पैसे दुसऱ्या वाटेने जातातच. या दुरुस्तीचा हिशेब गाडीच्या बाजारभावाशी मांडला, तर ती नेहमी महागच वाटणार. तो मांडावयाचा रस्त्यास टेकून राहिलेल्या चाकाशी. कारण ऐन वेळी गाडीतील माणसांचा आणि समोरून चालत येणाऱ्याचा जीव त्याच्यावरच अवलंबून असतो.