पिंग, मासा आणि गंगापूरचा गाळ

सर्व्हर जिवंत आहे की नाही हे बघायला आपण दिवसातून दहा वेळा जी 'पिंग' कमांड मारतो, ती माइक मूस नावाच्या अमेरिकन प्रोग्रॅमरने डिसेंबर १९८३ मध्ये लिहिली. नाव त्याने उचललं ते सोनारवरून. पाण्यात 'पिंग' असा एक आवाज सोडायचा, प्रतिध्वनी परत येईपर्यंतचा वेळ मोजायचा, आणि त्यावरून समोरची वस्तू किती लांब आहे ते काढायचं. नेटवर्कवर तेच. पॅकेट सोडा, उत्तराची वाट बघा, मिलिसेकंद मोजा.

हे आज आठवायचं कारण म्हणजे कयाक घेतलेल्या नाशिककर मित्रमंडळींत हटकून निघणारा एक प्रश्न: "स्वस्तातला फिशफाइंडर कुठला घेऊ?" प्रश्न बाजाराचा वाटतो, पण माझ्या मते त्याचं उत्तर इतिहासात आहे. या यंत्राचा शंभरेक वर्षांचा इतिहास म्हणजे शोधायला गेले एक आणि सापडलं भलतंच, अशा गोष्टींची मालिका आहे. ती मालिका कळली की काय घ्यायचं आणि ते कसं सांभाळायचं हे बरंचसं आपोआप कळतं.

आधी यंत्र नव्हतं तेव्हाचं बघू. दोरीला वजन बांधायचं, तळाला टेकेपर्यंत सोडायचं आणि वर ओढताना दोन्ही हात पसरून 'वाव' मोजायचे. एक वाव म्हणजे साधारण सहा फूट. पद्धत उत्तम, पण दोन मोजमापांच्या मध्ये काय दडलंय ते कळत नाही. विजयदुर्गाजवळ समुद्राखाली दगडांची एक लांबलचक भिंत आहे. गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या संशोधकांनी पाण्यात उतरून ती पाहिली; लांबी साधारण १२२ मीटर. मराठ्यांची उथळ बुडाची गलबतं तिच्यावरून सहज जात आणि शत्रूची खोल बुडाची जहाजं आपटून फुटत, असं सांगितलं जातं. यात हकीकत किती आणि आख्यायिका किती हा वेगळा विषय. पण पाण्याखाली काय आहे हे ज्याला ठाऊक, त्याचं पारडं जड, हे मात्र खरं.

पुढची गोष्ट टायटॅनिकची. एप्रिल १९१२ मध्ये ती बुडाली आणि महिन्याभराच्या आत लुइस फ्राय रिचर्डसन या इंग्रज शास्त्रज्ञाने पाण्यातल्या प्रतिध्वनीने हिमनग ओळखण्याच्या पेटंटसाठी अर्ज केला. १९१३ मध्ये जर्मनीत अलेक्झांडर बेम यांनीही याच दिशेने काम करून पेटंट मिळवलं. एप्रिल १९१४ मध्ये रेजिनाल्ड फेसेंडेन यांनी 'मायामी' नावाच्या जहाजावरून दोन मैलांवरचा हिमनग खरोखर 'ऐकला'. त्याच चाचणीत त्यांना आणखी एक प्रतिध्वनी मिळाला, समुद्राच्या तळाचा! हिमनग शोधायला निघालेल्यांच्या हाती खोली मोजायचं साधन लागलं.

आवाज सोडणारा आणि ऐकणारा भाग म्हणजे ट्रान्सड्यूसर. त्याचं मूळ आणखी मागे आहे. प्येर आणि जाक या क्युरी बंधूंनी १८८० साली दाखवलं की काही स्फटिकांवर दाब दिला की वीज तयार होते. उलटही होतं, म्हणजे वीज दिली की स्फटिक थरथरतो. पहिल्या महायुद्धात पॉल लांजवँ यांनी पाणबुड्या शोधायला क्वार्ट्झ वापरून हे तत्त्व पाण्यात उतरवलं. आपल्या कयाकच्या यंत्रात क्वार्ट्झऐवजी सिरॅमिकची चकती असते, बाकी तत्त्व तेच. पाण्यात आवाज सेकंदाला साधारण १,५०० मीटर धावतो. तळ ३० मीटरवर असेल तर जाऊन-येऊन ६० मीटर, म्हणजे ४० मिलिसेकंद. बऱ्यापैकी लांबच्या सर्व्हरचा पिंग याच घरात येतो की नाही?

आता मासे कुठून आले? जहाजांवरची यंत्रं कागदाच्या पट्टीवर तळाची रेघ काढू लागली, तेव्हा रेघेच्या वर ठिपके आणि ढगासारखे डाग दिसायला लागले. खोली मोजणाऱ्याच्या दृष्टीने हा कचरा. पण १९३५ साली नॉर्वेच्या ऑस्कर सुंड यांनी लोफोटेनजवळच्या कॉड माशांच्या थव्यांच्या अशाच नोंदी 'नेचर'मध्ये छापल्या. १९४२ मध्ये अमेरिकन शास्त्रज्ञांना तर कॅलिफोर्नियाजवळ समुद्रात काही शे मीटरवर खोटा तळच दिसला, आणि तो रात्री वर यायचा! तळ कशाला वर येईल? मार्टिन जॉन्सन यांनी १९४५ मध्ये दाखवलं की ही रात्री वर येणाऱ्या जिवांची दाटी आहे.

बहुतेक माशांच्या पोटात तरंगण्यासाठी हवेची पिशवी असते. माशाचं मांस आवाजाच्या दृष्टीने पाण्यासारखंच, त्यामुळे त्यावरून प्रतिध्वनी फारसा येत नाही. पाणी आणि हवा यांच्या सीमेवरून मात्र आवाज जोरात परततो. घोळ माशाला सोन्याचा भाव येतो तो याच पिशवीमुळे. २०२१ साली पालघरजवळच्या मुरबे गावच्या मच्छीमारांना दीडशेहून जास्त घोळींचे सव्वा कोटीच्या वर रुपये मिळाल्याची बातमी आठवत असेल. थोडक्यात, फिशफाइंडरला मासा दिसत नाही, माशातली हवा दिसते. हे पुढे उपयोगी पडणार आहे.

जपानच्या नागासाकीकडच्या फुरुनो बंधूंनी १९४८ साली मासे शोधणारं पहिलं व्यावसायिक यंत्र बाजारात आणलं. ते मच्छीमार बोटींची विजेची कामं करायचे. गोड्या पाण्यातल्या हौशी लोकांसाठी हातात मावणारी हिरवी पेटी अमेरिकेत लॉरन्स कुटुंबाने १९५०च्या दशकाच्या शेवटी काढली. ट्रान्झिस्टर आले होते म्हणून ते शक्य झालं. पुढे १९८०च्या दशकात एलसीडी पडदा आला. मे २००० मध्ये अमेरिकेने नागरी जीपीएसमध्ये मुद्दाम ठेवलेली चूक काढून टाकली, आणि छोट्या होडीतही जागा अचूक नोंदवता येऊ लागली. एकेकाळी जहाज लागायचं ते काम आता चार इंची पडद्याची डबी करते.

मग घ्यायचं काय? गंगापूर धरण १९६५ साली पुरं झालेलं मातीचं धरण. उंची साधारण साडेछत्तीस मीटर. म्हणजे पाणी त्याहून खोल असूच शकत नाही. खोक्यावर "१,००० फूट खोलीपर्यंत" असं लिहिलेलं असतं, त्यासाठी जास्तीचे पैसे कशाला मोजायचे? आपल्याला ४० मीटर नीट दाखवणारं यंत्र पुरे.

त्यापेक्षा महत्त्वाचा कोन. आवाज टॉर्चच्या झोतासारखा पसरत खाली जातो. २०० किलोहर्ट्झला हा झोत साधारण २० अंशांचा असतो. मग ३ मीटरवर त्याचा व्यास जेमतेम १ मीटर आणि १० मीटरवर साडेतीन मीटर. ७७ किंवा ८३ किलोहर्ट्झच्या आसपासचा झोत बराच रुंद, पण बारकावे कमी. आपल्या धरणांत सोडल्या जाणाऱ्या माशांत कटला वरच्या थरात चरतो, रोहू मधल्या आणि मृगळ तळाशी. म्हणजे कटला झोतात सापडणं कठीण, मृगळ तळाच्या रेघेत मिसळून जाणार, राहता राहिला रोहू. म्हणून दोन फ्रीक्वेन्सी असलेलं, जीपीएस असलेलं आणि उन्हात वाचता येणारं यंत्र घ्या. नकाशे, साइड स्कॅन, मोठा पडदा हे सगळं बाजूला ठेवलं तरी चालेल. अमेरिकेत शंभर-सव्वाशे डॉलरच्या घरात मिळणारं यंत्र यात बसतं. मात्र बाहेरून मागवताना वाहतूक आणि कस्टम धरून हिशेब करा, आणि वॉरंटी भारतात चालते का ते आधी विचारून घ्या.

बॅटरीचा प्रश्न सोपा आहे. असं यंत्र १२ व्होल्टला साधारण पाव अँपिअर घेतं. घरच्या यूपीएसमध्ये असते ती १२ व्होल्ट ७ अँपिअर-अवरची बॅटरी दिवसभर आरामात पुरते. वजन जास्त वाटलं तर लिथियम आयर्न फॉस्फेटची घ्या. पण प्लसच्या वायरवर फ्यूज हवाच. बॅटरी झाकणाच्या डब्यात ठेवा. लेड-ॲसिडची असेल तर घरी आल्यावर लगेच चार्ज करा, आणि वापर नसला तरी महिन्यातून एकदा.

ट्रान्सड्यूसर कयाकच्या आतून, तळाच्या प्लास्टिकला चिकटवता येतो. आवाज प्लास्टिकमधून आरपार जातो. पण मधे हवेचा पातळ थर राहिला तर तो तिथूनच परत फिरेल. ज्या हवेमुळे मासा दिसतो तीच हवा डिंकात अडकली तर सगळं आंधळं! म्हणून चिकटवायचा पदार्थ भरपूर लावा, दाबून बुडबुडे बाहेर काढा आणि पूर्ण वाळू द्या. आतून बसवलात तर तापमान पाण्याचं नव्हे, प्लास्टिकचं दिसेल. हे नको असेल तर बाजूला एक दांडा लावून ट्रान्सड्यूसर थेट पाण्यात सोडा.

देखभाल फार नाही, पण नियमित हवी. परत आल्यावर ट्रान्सड्यूसर स्वच्छ पाण्याने धुवा; त्यावर शेवाळाचा किंवा चिखलाचा थर बसला की प्रतिध्वनी मंदावतो. थिनर, पेट्रोल असलं काही लावू नका. साबणाचं पाणी आणि मऊ फडकं बस्स. जोडणीच्या पिना कोरड्या करून ठेवा. केबल घट्ट गुंडाळू नका, कापून आखूड तर मुळीच करू नका. पडदा मे महिन्यात गाडीच्या डॅशबोर्डवर विसरू नका.

आता मूळ मुद्दा. गंगापूर धरणाची मूळ क्षमता साधारण ७,२०० दशलक्ष घनफूट होती. आज रोजच्या पाणीसाठ्याच्या बातम्यांत जो आकडा धरतात तो ५,६३०. म्हणजे पंचवीसेक नाही तरी बावीस टक्के जागा गाळाने खाल्ली. शहराचं पिण्याचं पाणी मुख्यतः जिथून येतं, त्या धरणाची ही गोष्ट आहे. गाळ किती साठला हे मोजणारी राज्याची संस्था आपल्याच गावात, दिंडोरी रोडवर आहे: १९५९ पासूनची महाराष्ट्र अभियांत्रिकी संशोधन संस्था, म्हणजे आपली 'मेरी'. उपग्रहाच्या चित्रांवरून वेगवेगळ्या पातळीला पाणी किती पसरलंय हे काढता येतं. पण जो भाग कधी उघडाच पडत नाही, त्यासाठी होडीतून पाण्यात आवाजच सोडावा लागतो. अशा सर्वेक्षणात दोन फ्रीक्वेन्सी वापरतात. वरची गाळाच्या पृष्ठभागावरून परतते, खालची मऊ गाळात शिरून खालच्या कठीण थरावरून. तुमच्या पडद्यावरही फरक दिसतो. कठीण खडक असेल तर तळाची रेघ जाड, कधीकधी दुप्पट खोलीवर तिची दुसरी सावलीसुद्धा. मऊ गाळ असेल तर रेघ बारीक आणि फिकी.

मासेमारीचे हक्क धरणांत सहकारी मच्छीमार संस्थांना ठेक्याने दिलेले असतात, आणि पिण्याच्या पाण्याच्या जलाशयात कुठेही होडी घालता येत नाही. तेव्हा परवानगी असेल तिथेच, लाइफ जॅकेट घालून उतरा. पण उतरलात तर एक काम करा. दहा जागा जीपीएसवर ठरवून ठेवा आणि दर पावसाळ्यानंतर तिथली खोली लिहा. जलसंपदा विभाग धरणाची त्या दिवशीची पातळी जाहीर करतो. तिच्यातून खोली वजा केली की तळाची पातळी मिळते. स्वस्त यंत्राला थोडी चूक असणार, पण चूक दरवर्षी सारखीच असेल तर फरक कळतोच. हिमनग शोधताना तळ सापडला, तळ मोजताना मासे सापडले. मासे शोधता शोधता आपल्याला आपल्या धरणाचा तळ किती वर आलाय ते कळलं, तर यंत्राचे पैसे वसूल.