बेंगॉल लॅम्प नावाचा बसस्टॉप

दक्षिण कोलकात्यात जादवपूरच्या बाजूला बसने गेलात, तर एका स्टॉपवर कंडक्टर ओरडतो, "बेंगॉल लॅम्प, बेंगॉल लॅम्प!" उतरून पाहिलं तर दिवा नाही आणि दिव्याचा कारखानाही नाही. कारखाना बंद पडून तीन दशकांहून जास्त काळ लोटला, पण नाव लोकांच्या तोंडून गेलेलं नाही. आजची गोष्ट त्या नावाची आहे. तिच्यातूनच आपण आपल्या घरातल्या बल्बपर्यंत पोचणार आहोत.

कोलकात्यात रस्त्यांवर गॅसचे दिवे १८५७ साली लागले. विजेच्या दिव्याचं प्रात्यक्षिक शहराने १८७९ मध्ये पाहिलं. (मुंबईकरांनो, आपलं क्रॉफर्ड मार्केट विजेने उजळलं ते १८८२ला, त्यामुळे 'पहिले कोण' हा वाद इथे नको.) १८९७ मध्ये किलबर्न कंपनीला वीजपुरवठ्याचा परवाना मिळाला आणि १८९९ मध्ये प्रिन्सेप स्ट्रीटजवळच्या इमामबाग लेनमध्ये वीजकेंद्र सुरू झालं. कलकत्ता इलेक्ट्रिक सप्लायची, म्हणजे आजच्या सीईएससीची, ही सुरुवात.

त्या काळचे बल्ब कार्बनच्या तंतूचे होते. एका वॉटला जेमतेम तीन लुमेन उजेड. लुमेन म्हणजे बल्बमधून बाहेर पडणारा उजेड, आणि वॉट म्हणजे त्यासाठी बल्ब खातो ती वीज. पुढे टंगस्टनची तार आली आणि तेवढ्याच विजेत तिप्पट-चौपट उजेड मिळू लागला. म्हणजे 'जास्त पैसे देऊन कमी वीज खाणारा बल्ब घ्यावा का' हा प्रश्न आपल्या आजोबा-पणजोबांनाही पडलेला होता. तो काही एलईडीबरोबर आलेला नाही.

आता स्वदेशीकडे येऊ. १९०४ मध्ये 'देशेर कथा' हे बंगाली पुस्तक आलं. परकीय व्यापाराने देश कसा पिळून निघतो, हे त्यात आकड्यांनिशी मांडलं होतं. पुढे सरकारने त्यावर बंदी घातली. लेखक होते सखाराम गणेश देउस्कर, देवघरला स्थायिक झालेल्या मराठी घरातले. वंगभंगाच्या चळवळीत नुसता बहिष्कार पुरणार नाही, वस्तू आपण बनवायला हव्यात, हा विचार रुजला. १९०६ मध्ये बंगाल टेक्निकल इन्स्टिट्यूट निघालं, त्याचंच पुढे जादवपूर विद्यापीठ झालं. आणि त्याच जादवपुरात राय बंधूंनी १९३२ मध्ये सुरू केलेल्या बेंगॉल लॅम्पचे बल्ब तयार होऊ लागले.

समोर कोण होतं ते बघा. फिलिप्स १९३० पासून कोलकात्यात होती, १९३८ मध्ये तिने तिथे बल्बचा कारखानाही काढला. जागतिक पातळीवर ओसराम, फिलिप्स वगैरे बड्या कंपन्यांनी १९२४ मध्ये जिनिव्हात 'फीबस' नावाचा संघ केला होता. बल्ब हजार तासच चालला पाहिजे, जास्त चालला तर कंपनीला दंड! ही गोष्ट सांगितली की लोक चिडतात, आणि चिडावं अशीच ती आहे. पण एक बाजू सहसा सांगितली जात नाही. टंगस्टनची तार जास्त तापवली की त्याच विजेत जास्त उजेड मिळतो, पण ती लवकर तुटते. मंद तापवली तर वर्षानुवर्षं टिकते आणि वीज मात्र खात राहते. संघाने हेतू धंद्याचा ठेवला, पण 'जास्त टिकणारा तो स्वस्त' हा आपला समजही बरोबर नव्हता.

हिशेबच करू. ६० वॉटचा बल्ब हजार तासांत ६० युनिट खातो. युनिट सात रुपये धरला तर ४२० रुपये. बल्ब मात्र पंधरा-वीस रुपयांचा! दुकानात आपण वीस रुपयांवर घासाघीस करत होतो आणि चारशे रुपये बिलातून गुपचूप जात होते. तेवढाच उजेड देणारा ९ वॉटचा एलईडी हजार तासांत ९ युनिट खातो, म्हणजे ६३ रुपये.

कोलकात्यातल्या लोकांची अडचण वेगळीही होती. शहराच्या जुन्या भागांत स्वातंत्र्यानंतरही कित्येक वर्षं डीसी वीज होती. साधा बल्ब डीसीवर चालतो, पण नेहमीच्या चोकची ट्यूबलाइट चालत नाही. म्हणजे काटकसर करायची इच्छा असली तरी सोय नव्हती. मग सत्तर-ऐंशीच्या दशकातलं लोडशेडिंग आलं. वीज असली तरी दाब कमी. दाब दहा टक्क्यांनी उतरला की साध्या बल्बचा उजेड तीस टक्क्यांच्या आसपास उतरतो. म्हणून घरोघरी शंभराचे बल्ब लागले, आणि तुटवड्यात मागणी आणखी वाढली.

बेंगॉल लॅम्पचा शेवट वाईट झाला. १९८८ मध्ये कंपनीला मिळालेल्या सरकारी ऑर्डरींवरून मोठं राजकीय वादळ उठलं, बांधकाममंत्री जतीन चक्रवर्तींना मंत्रिपद सोडावं लागलं. वर्षभरात कारखाना बंद झाला. कामगारांच्या हातात बल्ब जोडण्याचं जे कसब होतं, त्याला बाहेर फारसं गिऱ्हाईक नव्हतं.

नंतर देशात २००९ मध्ये बचत लॅम्प योजना आली, पंधरा रुपयांत सीएफएल. २०१५ पासून उजाला योजनेत एलईडी. २०१४ मध्ये सरकारी खरेदीत तीनशे दहा रुपयांना पडणारा एलईडी दोन-अडीच वर्षांत चाळिशीच्या आत आला. कोलकात्याजवळच्या चंदननगरचे रोषणाईवाले, ज्यांची टुनी बल्बांची चित्रं दुर्गापूजेत गाजायची, तेही एलईडीवर आले.

तेव्हा आता खोक्यावर वॉट नव्हे, लुमेन वाचा. लुमेन भागिले वॉट करून पाहा. शंभराच्या आसपास आलं तर ठीक. स्टार लेबल बघा. आणि एलईडी बंद काचेच्या हंडीत कोंडू नका. त्यातला दिवा सहसा आधी जात नाही, उष्णतेने आतलं सर्किट जातं. कोलकाता-मुंबईच्या उकाड्यात तर नक्कीच.

जादवपूरच्या त्याच रस्त्यावर आणखी एक स्टॉप आहे, सुलेखा. तीही स्वदेशीतून निघालेली शाईची कंपनी, तीही त्याच सुमारास बंद पडली होती. सुलेखाची शाई पुन्हा बाजारात आली आहे, लोक हौसेने घेतात. बेंगॉल लॅम्पचा बल्ब काही परत आला नाही.